कोर्ते ते पोर्तो: ८५ किलोमीटरला अख्खा दिवस धरा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका घरातले पाच जण भूमध्य समुद्रातल्या फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर जाणार आहेत: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-बाबा. बेटाच्या मधोमध डोंगरात कोर्ते नावाचं गाव आहे. तिथून सकाळी निघायचं, व्हेर्जिओ खिंड ओलांडून पोर्तोला समुद्राशी उतरायचं आणि किनाऱ्याच्या रस्त्याने त्याच संध्याकाळी अजाक्सिओ शहर गाठायचं, असा बेत. नकाशावर सगळं मिळून १७० किलोमीटर भरतं. गाडी भाड्याची, चालवणार स्वतः, वरंधा आणि आंबेनळीची सवय आहे. बाबांना घाटात मळमळतं, आईंना दरीकडे बघवत नाही, जेवणात अंडं चालतं पण मांस-मासे नाहीत. एका दिवसात जमेल का, आणि गाडी कुठली घ्यावी?

जमायला जमेल हो, पण तसं करू नका. पोर्तोला किंवा त्याच्या वरच्या पियाना गावात एक रात्र टाका. मी या रस्त्याने चार वेळा गेलोय, त्यातल्या तीन वेळा दुसऱ्यांची कुटुंबं सोबत घेऊन. पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखाच हिशेब केला होता. १७० किलोमीटर म्हणजे पुण्याहून कोकणात उतरण्याएवढं, जेवणाची सुट्टी धरून सहा तास. अजाक्सिओला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, मागच्या सीटवर सगळे झोपलेले, आणि पियानाजवळच्या ज्या लाल कड्यांसाठी एवढा वळसा घेतला ते अंधारात हेडलाइटमध्ये पाहिले.

कोर्सिकात अंतर किलोमीटरने मोजायचं नसतं, तासांनी मोजायचं. बेट केवढं, तर लांबी १८० किलोमीटरच्या आसपास आणि रुंदी ऐंशीच्या. पण तेवढ्यात माँते चिंतो हे शिखर २,७०६ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरनं उंच. एवढा डोंगर एवढ्याशा बेटात बसवायचा तर रस्ता सरळ जाणार कुठून? कोर्ते ते पोर्तो ८५ किलोमीटरला कुठेही न थांबता सव्वादोन-अडीच तास लागतात, पोर्तो ते अजाक्सिओ आणखी दोन. आणि न थांबता जायचं असेल तर या रस्त्याला यायचंच कशाला? कोर्तेहून अजाक्सिओला टी २० हा सरळ, रुंद हमरस्ता आहे (जुन्या नकाशांवर तो एन १९३ म्हणून दिसेल), दीड तासात पोचवतो.

आता तुमच्या दिवसाकडे येतो.

कोर्तेहून आठला निघा, त्याहून उशीर नको. रस्ता पश्चिमेला जातो, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर असतं आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. दुपारनंतर याच दिशेने गेलात तर सूर्य थेट डोळ्यांत, आणि वळणावळणाला झाडांची सावली आणि झळाळतं ऊन असा खेळ सुरू होतो, चालवणाऱ्याचे डोळे थकून जातात. निघण्याआधी कोर्तेलाच टाकी भरा. पुढे पंप नाहीतच असं नाही, पण हवा तेव्हा उघडा मिळेल याची खात्री नाही. पंपावरची एक गोष्ट आत्ताच पक्की डोक्यात बसवा: ‘गॅझोल’ म्हणजे डिझेल. नाव वाचून आपल्याला गॅसोलीन आठवतं, म्हणजे पेट्रोल वाटतं, आणि नळी हातात घेतली जाते. पेट्रोलला तिथे ‘सां प्लों’ म्हणतात, ९५ किंवा ९८ आकडा लिहिलेला असतो. माझ्या बरोबरच्या एका गृहस्थांनी अशीच डिझेलची नळी उचलली होती. मी शेजारी उभा होतो म्हणून निभावलं. रविवारी आणि दुपारी बरेच पंप बिनमाणसांचे असतात, कार्ड घालून स्वतःच भरायचं. एका रविवारी असल्या मशीनने माझी दोन्ही भारतीय कार्डं नाकारली. पाव टाकीवर होतो. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी आपलं कार्ड घातलं आणि माझ्याकडून रोख युरो घेतले. प्रत्येक वेळी असे आजोबा भेटतीलच असं नाही, म्हणून माणूस असलेल्या पंपावर अर्ध्या टाकीलाच भरून घेत चला.

कोर्तेहून डी १८ ने निघून डी ८४ ला लागलात की थोड्याच वेळात स्काला दि सांता रेजिनाची घळ सुरू होते. गोलो नदीने ग्रॅनाइट कापून ती केली आहे. स्काला म्हणजे जिना. एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ता झाला त्याआधी इथे खेचरांची पायऱ्यापायऱ्यांची वाट होती, तिचे तुकडे अजूनही दिसतात. खडक तांबूस-करडा, दोन्ही अंगाला सरळ उभा, आणि रस्ता त्याच्या कुशीत जेमतेम दीड गाडीचा. तुमच्या ड्रायव्हिंगची पहिली परीक्षा इथेच होईल. आपल्याकडे घाट रुंद असतात, गर्दी असते. इथे गर्दी नाही पण जागाही नाही. कठडा म्हणजे गुडघाभर उंचीची दगडी भिंत, मध्येमध्ये तीही गायब. समोरून गाडी आली की कोणीतरी एकाने मागे घ्यायचं. नियम आपलाच आहे: चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं. फ्रान्समध्ये तो कायद्यातच आहे आणि लोक तो पाळतातही.

घळीतून वर आलात की एकदम उघडं होतं. हे निओलू, चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये पसरट खोरं. कालाकुच्चाचं धरण इथेच आहे. पाण्यात चिंतोची रांग पडलेली दिसते, जूनमध्ये वरच्या घळींत थोडा बर्फही उरलेला असतो. गावात कॉफी घ्या, बाबांना पाय मोकळे करू द्या. इथून पुढे व्हेर्जिओ खिंडीपर्यंत साधारण वीस किलोमीटर वाल्दु निएल्लुचं जंगल लागतं, आणि मला विचाराल तर अख्ख्या दिवसातला हाच भाग सगळ्यांत सुंदर. फोटो लोक समुद्राचे काढतात, पण लक्षात राहतं ते हे. लारिसिओ नावाचा पाइन, सोट सरळ, काही झाडं चाळीस मीटरच्या घरातली. इटलीतल्या जिनोआ शहराचे लोक बेटावर राज्य करत होते तेव्हा जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी ही खोडं नेत. काचा खाली करा, एसी बंद करा. उन्हाने तापलेल्या राळेचा वास गाडीत शिरतो आणि पुढचा अर्धा तास जात नाही.

इथेच डुकरं भेटतील. हसू नका, गंभीरपणे सांगतोय. काळी, करडी, ठिपक्याठिपक्यांची डुकरं, मागे पिल्लांची माळ, रस्त्याच्या मधोमध आडवी. रानटी दिसतात, पण बहुतेकांना मालक आहेत. जंगलात सोडून दिलेली असतात, चेस्टनट आणि ओकची फळं खाऊन वाढतात. गायी आणि शेळ्याही अशाच. वळण घेताना पुढे जनावर बसलेलंच आहे असं धरून चालवा. मुलीला बिस्किटं द्यायची हौस येईल, देऊ देऊ नका. एकदा पर्यटकांनी खायला घातलं की ती गाड्यांना सोडत नाहीत. खिडकीच्या काचेवर ओलं नाक टेकवून उभं राहिलेलं डुक्कर मी पाहिलंय, आणि भाड्याच्या गाडीच्या दारावरचे त्याचे ओरखडेसुद्धा.

व्हेर्जिओ खिंड सुमारे १,४८० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडी उंच. बेटावर गाडीने ओलांडता येणारी ही सर्वांत उंच खिंड. वर ग्रॅनाइटचा भलामोठा ख्रिस्त उभा आहे, हात पुढे केलेला. जीआर २० ही बेटाच्या कण्यावरून जाणारी पायवाट इथून जवळच रस्ता ओलांडते, त्यामुळे पाठीवर घर घेतलेले, दाढ्या वाढलेले लोक दिसतील. थंडी वाजते. खाली तीस अंश असले तरी इथे वारा असतो, आई-बाबांचे स्वेटर डिकीच्या तळाशी ठेवू नका.

नावांच्या पाट्यांवरून गोंधळ होईल, म्हणून आत्ताच सांगतो. पाट्या फ्रेंच आणि कॉर्सिकन अशा दोन भाषांत असतात, आणि बऱ्याच ठिकाणी फ्रेंच नावावर कोणीतरी काळा रंग मारलेला असतो. काही पाट्यांना छर्ऱ्यांची भोकंही दिसतील. हे भाषेच्या अस्मितेचं प्रकरण आहे, तुम्हाला त्याची झळ लागत नाही. नकाशात ‘कोल’ असेल तिथे पाटीवर ‘बोक्का’ असेल, दोन्हीचा अर्थ खिंड. कोर्तेचं कोर्ति होतं, पोर्तोचं पोर्तु. एवढं माहीत असलं की पुरे.

खिंडीनंतर उतार. समुद्रसपाटीपर्यंत साधारण पस्तीस किलोमीटर आहेत आणि तेवढ्यात जवळजवळ दीड किलोमीटर उंची उतरायची आहे. आपल्या एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं इथे शब्दशः लागू: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा-तिसरा गिअर, इंजिनाचा ब्रेक, पायाचा ब्रेक फक्त वळणाआधी. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर टाका आणि हे आदल्या दिवशी सपाटीवर शिकून घ्या, उतारावर पुस्तिका उघडायला नको. मागे स्थानिक गाडी चिकटली तर ताण घेऊ नका. तो रोज जातो, त्याला पुढचं वळण पाठ आहे. जागा दिसली की उजवीकडे घ्या, जाऊ द्या. मागच्याला पुढे सोडण्यात कमीपणा मानणारे आपले लोक इथे विनाकारण घामाघूम होतात.

वेगमर्यादेची चिंता नको, ताशी चाळीसच्या वर जाताच येत नाही. पूर्ण आंधळ्या वळणावर गावाबाहेर एकदा छोटासा हॉर्न चालतो. गावात नाही. पुण्यातली सवय पुण्यात ठेवा.

उतरताना झाडं कशी बदलतात ते मुलीला दाखवा. आधी पाइन, मग बीच नावाची झाडं, मग एव्हिझा गाव जवळ आलं की चेस्टनट, त्याखाली ‘माकी’ म्हणतात ती कमरेएवढी सुगंधी झुडपं, आणि शेवटी पोर्तोत निलगिरी. कानांना दोनदा दडे बसतात, हवा जड होते, अंगाला चिकटू लागते. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना जे होतं तेच, फक्त इथे कोकम-फणसाच्या जागी दुसरी झाडं. चेस्टनटचं इथे महत्त्व आपल्याकडच्या नाचणीसारखं आहे. डोंगरात गहू पिकत नव्हता, सोळाव्या शतकात जिनोआच्या राज्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना झाडं लावायला भाग पाडलं, आणि पुढे कित्येक पिढ्या डोंगरी माणसं चेस्टनटच्या पिठावर जगली. त्या पिठाची पोलेंता अजून करतात, दिसायला आणि चवीला गोडसर उकडीसारखी.

एव्हिझाच्या थोडं आधी ऐतोनच्या जंगलात नदीची नैसर्गिक कुंडं आहेत, रस्त्यापासून दहा-पंधरा मिनिटं खाली चालत. मुलीला पोहायचं असेल तर इथे थांबा, पण पाणी बर्फाचं आहे. बाबांना उतरवू नका, वाट मुळ्या-दगडांची आहे. आणि घड्याळाकडे लक्ष: जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं. सव्वादोनला गेलात तर मालक शांतपणे सांगतो, स्वयंपाकघर बंद. गयावया करून उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय. म्हणून बारा-साडेबाराला एव्हिझात टेबलावर बसलेले असा.

शाकाहाराचं म्हणाल तर कोर्सिका मांसाचं बेट आहे, मेन्यूत पहिलं पान डुकराच्या सॉसेजचं. पण तुम्हाला अंडं चालतं, मग उपाशी राहणार नाही. ‘ब्रोच्चु’ हा शब्द पाठ करा. मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचं चीज करताना जे पाणी उरतं त्यापासून ते करतात, आपल्या ताज्या पनीर-खव्याच्या मधलं काहीतरी. पुदिना आणि ब्रोच्चु घातलेलं ऑम्लेट, ब्रोच्चु भरलेली कॅनेलोनी, म्हणजे पास्त्याच्या नळ्या (वर टोमॅटोचा सॉस, मात्र त्यात मांस आहे का ते विचारून घ्या), आणि शेवटी फियादोन, म्हणजे ब्रोच्चु आणि लिंबाच्या सालीचा भाजलेला केक. ताजा ब्रोच्चु हिवाळ्यापासून जूनच्या आसपासपर्यंत मिळतो, नंतर मेंढ्या आटतात. तुम्ही अगदी शेवटाला पोचताय. जुलैत गेलेल्यांना तेच नाव सांगून गायीच्या दुधाचं काहीतरी खपवलेलं मी पाहिलंय. सूपमध्ये बहुतेक ठिकाणी हाडाचा अर्क किंवा डुकराचा तुकडा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. कानिस्त्रेल्ली नावाची कडक बिस्किटं गाडीत ठेवा. ठेपले आणालच, तरीही ठेवा.

आता आई-बाबांची बसण्याची जागा. यावर कोणी बोलत नाही, पण तुमच्या प्रश्नात हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून चालते आणि स्टिअरिंग डावीकडे. एव्हिझाहून पोर्तोला उतरताना स्पेलुंकाची खोल घळ बहुतेक वेळ तुमच्या उजव्या हाताला राहते. पोर्तोहून दक्षिणेला पियानाकडे निघालात की समुद्रही उजव्या हाताला. म्हणजे दोन्ही टप्प्यांत दरी चालवणाऱ्याच्या नाही, शेजारी बसणाऱ्याच्या खिडकीखाली. उजवीकडच्या मागच्या सीटवर बसलेल्यालाही तेच दिसणार. तेव्हा आईंना मागे डावीकडे बसवा, डोंगराच्या बाजूला. बाबा पुढे, कारण मळमळणाऱ्या माणसाला समोरचा रस्ता दिसायला हवा. मुलगी उजवीकडे खिडकीशी, ती खूश होईल. बाबांना मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, तीसुद्धा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून, कारण सत्तरीतल्या माणसाच्या इतर गोळ्या असतात. त्या गोळीने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने चुकूनही घ्यायची नाही. आणि पोट रिकामं ठेवू नका, हलका नाश्ता हवाच.

हाच मुद्दा दिशेचा. ज्यांना कड्याची फार धास्ती असते त्यांना मी पियाना ते पोर्तो असा उलट, उत्तरेकडे जायला सांगतो. मग तुम्ही डोंगराच्या कुशीतल्या लेनमध्ये असता आणि समुद्राच्या बाजूला समोरून येणाऱ्या गाड्या. पण तुम्ही आंबेनळी चालवलेला माणूस, तुम्हाला दक्षिणेकडे जाताना त्रास होऊ नये, आणि थांबायच्या जागाही त्याच बाजूला सोप्या पडतात.

पोर्तोला तीनच्या सुमाराला पोचाल. गाव छोटं, पर्यटकांचं, तोंडाशी खडकावर जिनोआच्या काळातला चौकोनी बुरूज. किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही, मुलीला आधीच सांगा म्हणजे हिरमोड होणार नाही. खोलीवर सामान टाका, आई-बाबांना झोपू द्या. संध्याकाळी सहा-साडेसहाला परत गाडी काढायची. आता जी बारा किलोमीटर येतात त्यांच्यासाठीच पोर्तोची रात्र आहे.

पियानाचे कलांके म्हणजे लाल-गुलाबी ग्रॅनाइटचे कडे, वाऱ्याने आणि समुद्राच्या खारटपणाने पोखरून चित्रविचित्र झालेले, थेट समुद्रातून वर आलेले. १९८३ साली युनेस्कोने पोर्तोच्या आखाताला, कलांके, जिरोलाता आणि स्कांदोलाचं राखीव क्षेत्र यांच्यासह, जागतिक वारसा म्हटलं. डी ८१ हा रस्ता या कड्यांच्या पोटातून जातो. दिवसा दहा ते पाच इथे बसगाड्या असतात. दोन बस समोरासमोर आल्या की अर्धा तास सगळं ठप्प, ड्रायव्हर खाली उतरून आरसे मिटतात, बोटांनी जागा मोजतात. संध्याकाळी बस गेलेल्या असतात. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. सात ते साडेआठ या वेळात दगडाचा रंग बदलत जातो, आधी विटकरी, मग शेंदरी, आणि सूर्य टेकल्यावर दोन-तीन मिनिटं जांभळट. मध्येच एक कुत्र्याच्या तोंडासारखा खडक आहे, तिथून पायवाट निघते, अर्ध्या-पाऊण तासात कड्याच्या टोकाशी नेते. ती तुम्ही दोघं आणि मुलगी करा. आई-बाबांसाठी रस्त्यालगतच्या कॅफेची गच्ची आहे, तिथूनही सगळं दिसतं. परतताना उत्तरेकडे, म्हणजे डोंगराच्या बाजूने, अंधार पडता पडता पोर्तो. आईंना दरी दिसणारच नाही.

दुसऱ्या दिवशी बोट. स्कांदोलाला गाडीरस्ता नाही, जिरोलाता गावालाही नाही, तिथे चालत जायचं नाहीतर समुद्रातून. सकाळचीच फेरी घ्या, दुपारी वारा उठतो आणि बाबांची मळमळ समुद्रातही सोडत नाही. बोट नको असेल तर पियानाहून आरोनच्या किनाऱ्याला उतरा, बाराएक किलोमीटर, तिथे खरी वाळू आहे. मग दुपारी निवांत अजाक्सिओ. वाटेत कार्जेझला थांबा. सतराव्या शतकात ग्रीसच्या मानी भागातून तुर्कांना कंटाळून निघालेले लोक कोर्सिकात आले, त्यांच्या वंशजांचं हे गाव. टेकडीवर दोन चर्च एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत, एक ग्रीक पद्धतीचं, एक लॅटिन. मधल्या बाकावर बसून संत्रं सोलायला उत्तम जागा.

गाडीचं उत्तर बाकी आहे. सात सीटर घेऊ नका. पाच जण आहात म्हणून मोह होईल, पण स्कालाच्या घळीत रुंदी नडते. लांबी नडत नाही. म्हणून मधल्या आकाराची स्टेशन वॅगन मागा, डिकी मोठी आणि अंग सडपातळ. पाच मोठ्या बॅगा तरीही बसणार नाहीत, माणशी एक केबिन बॅग एवढंच. सामान काचेतून दिसेल असं ठेवून पायवाटेला जाऊ नका. तिकडे गाड्या मुळातच मॅन्युअल गिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी तर महिने आधी बुक करा, भाडं बरंच जास्त पडेल. मॅन्युअल घेतलीत तर गिअर उजव्या हातात येतो, आणि इंडिकेटरची कांडी डावीकडे. आपल्या गाड्यांत ती उजवीकडे असते, त्यामुळे पहिला दिवसभर तुम्ही प्रत्येक वळणाला वायपर लावाल. माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरने लावलाय. म्हणून विमानतळावरून थेट घाटात शिरू नका, पहिला दिवस सपाटीवर घालवा. बेटाच्या उत्तरेकडच्या बास्तिया शहरात उतरत असाल तर पूर्व किनारा सपाट आहे, तिथे सराव करून मग कोर्ते. गावात जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, मग तो गल्लीतून का येईना. हे आपल्या अंगवळणी नाही, बायकोला शेजारून ‘उजवीकडे बघ’ म्हणत राहायला सांगा. त्या दिवशी बाबा मागे बसू देत.

कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढाच. सारथी पोर्टलवर अर्ज, आरटीओ, हजार रुपये फी, वर्षभर चालतो. मूळ परवाना सोबत हवाच, नुसता आंतरराष्ट्रीय चालत नाही. आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं, उठावदार अक्षरांचं असलं तर बरं, आणि मर्यादा भरपूर. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात, फॉरेक्स कार्ड त्यासाठी घेत नाहीत. माझ्या पहिल्या खेपेला कार्ड बायकोच्या नावाचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली, आणि आम्ही दोन तास विमानतळावर बसून दुसऱ्याकडे दीडपट भाड्याने गाडी मिळवली. विम्यात टायर, काच, आरसे आणि गाडीचा तळ धरलेत का ते विचारा, कारण या रस्त्यांवर जातं ते तेच. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिंगांसकट. बास्तियाला घेऊन अजाक्सिओला सोडणार असाल तर त्याचा वेगळा आकार लागतो, तो बुकिंगच्या वेळीच दिसतो का बघा.

शेवटी विमानाचं. पॅरिसमार्गे येत असाल तर मुंबईचं विमान शार्ल द गॉलला उतरतं आणि कोर्सिकाची बहुतेक विमानं ऑर्लीहून सुटतात. दोन्ही विमानतळ शहराच्या दोन टोकांना. बॅगा घेऊन, आई-बाबांना घेऊन, मध्ये निदान पाच तास ठेवा. नाहीतर दक्षिण फ्रान्समधल्या नीसमार्गे या, तिथून बास्तिया किंवा अजाक्सिओचं उड्डाण पाऊण-एक तासाचं आहे, आणि उजवीकडची खिडकी मिळाली नाही तरी बेट उगवताना दिसतं, जूनमध्ये माथ्यावर थोडा बर्फ आणि पायाशी निळं पाणी. बाबांना तेवढ्यात मळमळणार नाही.